बंद दारांना हाक

भात कापायला आलं की लोकांना काय काय आठवतं. पिवळी शेतं, पेंढ्याचा वास, खळ्यावरची पहिली रास. मला एक आलेख आठवतो. करवतीच्या दातांसारखा. हळूहळू वर चढणारा, एकदम खाली येणारा, पुन्हा चढणारा. आणि त्या आलेखाकडे डोळे लावून कातळावर बसलेली मी. मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर ओढणी, पायाला लाल मुंग्या.

आज सकाळी पुण्यात खिडकी उघडली तर ऊन चटका देणारं आणि वारा कोरडा. आमच्या इमारतीमागे एक रिकामा प्लॉट आहे, त्यातलं गवत वाळायला लागलंय. त्याचा वास आला आणि मी चहा गॅसवर विसरले. भांडं करपलं. आता ते घासायला दुसरं कोण येणार, मीच घासणार. एकट्या माणसाच्या घरात भांडं करपवणारा आणि घासणारा एकच असतो, त्यामुळे भांडणाचीही सोय नाही.

दोन वर्षं झाली त्या आश्विनाला. आदल्या उन्हाळ्यात आई गेली होती आणि बाबा वाडीवर एकटे होते. एकटे म्हणजे चार गुरांसकट. आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या वरच्या अंगाला, हायवेपासून पाऊण तासाचा चढ. अकरा घरं. त्यातल्या चारांतून धूर निघायचा, सातांना कुलूप. माणसं सगळी मुंबईला. गणपतीत अकराही दारं उघडतात, वाडी इतकी गजबजते की बाबांचं डोकं दुखायला लागायचं, आणि गणपती गेले की एकेक कुलूप परत लागतं. त्या वर्षी सगळे उतरून गेले आणि मी मागे राहिले. राहिले म्हणजे रजेवर नाही. काम घेऊन राहिले.

मी सर्व्हर सांभाळते. तेव्हा माझ्याकडे एका मालवाहतूक कंपनीचा सर्व्हर होता. तिच्या गावोगावच्या ऑफिसांत टेबलावर एक स्क्रीन उघडी असायची आणि कुठला ट्रक कुठे पोचला ते तिच्यावर दिसायचं. खेड सोडलं, कशेडी चढला, महाड ओलांडलं, असं. तो सर्व्हर दर तीन-चार दिवसांनी आडवा पडायला लागला होता. आमचे मॅनेजर भला माणूस, आवाज कधी चढवणार नाहीत. ते म्हणाले की मॅडम, गावाहून काम करा, माझी ना नाही, पण दिवाळीपर्यंत याचं दुखणं शोधा. पंधरा दिवस एकदाही न पडता चालला तर हवं तेवढं गावी राहा. नाहीतर इकडे या, सगळे मिळून बसू. म्हणजे हिशेब सरळ होता. सर्व्हर उभा राहिला तर मी बाबांजवळ, नाहीतर बाबा पुन्हा एकटे.

दुखण्याचं नाव मेमरी लीक. जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या सर्व्हरमध्ये एक झाडूवाला असतो. कामाला लागणारी प्रत्येक वस्तू मेमरीत जागा घेते, काम झालं की तिथेच पडून राहते, आणि हा मधूनमधून फिरून ती उचलून नेतो. त्याचा एकच नियम आणि त्यात तो तसूभर हलत नाही. जिला कुणीतरी धरून ठेवलंय त्या वस्तूला हात लावायचा नाही. धरणाऱ्याला तिचा उपयोग आहे का, तो पुन्हा कधी तिच्याकडे बघणार आहे का, या भानगडीत तो पडत नाही. कुणीतरी धरलंय ना, मग राहू दे. अशी ‘राहू दे’ करत साठलेली अडगळ म्हणजे मेमरी लीक. नाव गळतीचं, पण गळत काहीच नाही. काही सुटतच नाही, हे खरं दुखणं.

आलेखाचा दात चढतो तो सामान साठल्यामुळे आणि उतरतो तो झाडूवाला फिरल्यामुळे. निरोगी सर्व्हरचा दात दर वेळी तेवढाच खाली येतो. माझा दर वेळी थोडा कमी खाली यायचा. सोमवारी गुडघ्यापर्यंत, मंगळवारी कमरेपर्यंत, गुरुवारी गळ्यापर्यंत. मग झाडूवाला नुसता झाडतच बसायचा, बाकीची कामं खोळंबायची आणि सर्व्हर आडवा. की लगेच ट्रकवाल्यांचे फोन. आधी आम्ही मेमरी दुप्पट करून दिली. तर तो तीन दिवसांऐवजी सहा दिवसांनी पडायला लागला, वर पडायला वेळही जास्त घ्यायला लागला. ऑफिसातल्या एका शहाण्याने सुचवलं की रोज पहाटे आपोआप बंद करून चालू करू या, नव्याने सुरू झाला की पाटी कोरी. मी त्याच्याशी फोनवर चांगली कडाकडा भांडले. ताप आलेल्याला रोज आंघोळ घालून तो बरा झाला म्हणायचं, हा कुठला उपाय? मॅनेजरांनी माझं ऐकलं, आणि त्यामुळे पंधरा दिवसांची अट माझ्याच गळ्यात आली.

नेटवर्क घरात नाही. गोठ्यामागे ऐनाचं झाड आहे, त्याखालच्या कातळावर मोबाइलला दोन कांड्या यायच्या. सकाळी नऊला तिथे जाऊन बसायचं. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद, काळे चौकोन, त्यात नावांची पहिली अक्षरं. ते बोलून झालं की चौकोन विझायचे आणि मग दिवसभर कुणी नाही. वाडी शेतावर गेलेली. वरीच्या तुकड्यावरून पाखरं हाकलणारी एखादी आरोळी, खाली घाटात गिअर टाकणारा एखादा ट्रक. घाटाला बोगदा झाल्यापासून ट्रकही कमी झाले. लहानपणी मला त्या घरघरीनेच झोप यायची. आता एखादा चढताना ऐकू आला की मी स्क्रीनवर बघायची, हा आपलाच का? आपला असला की उगाच बरं वाटायचं.

त्या दिवसांत वाडीत राखण चालू असते. भात उभं आहे तोवर गुरं मोकळी सोडता येत नाहीत, म्हणून सगळ्यांची गुरं एकत्र करून एकेका घराने एकेक दिवस रानात न्यायची. खालच्या टोकाच्या घरापासून सुरुवात, वरच्या टोकाला संपलं की पुन्हा खालून. लिहिलेलं कुठे काही नाही. ज्याची राखण असेल त्याने सकाळी प्रत्येक दारासमोर उभं राहून हाक द्यायची, “गुरं सोडाऽ”, आतून ओ आली की पुढच्या दाराला.

बंद असलेल्या सात घरांना एक शेपूटही उरलेलं नव्हतं. पण त्यांच्या राखणीचे दिवस तसेच. आज शंकरनानांची राखण, म्हणायचे बाबा, आणि काठी घेऊन स्वतःच निघायचे. शंकरनाना घाटकोपरला मुलाकडे, दहा वर्षांत त्यांनी गाईचं तोंड पाहिलेलं नाही. सातांतले दोन दिवस शेजारच्या यशोदाकाकी भांडून आपल्याकडे ओढून घ्यायच्या, उरलेले पाच बाबांचे आणि सहावा आमचा स्वतःचा. अकरांतले सहा दिवस चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस डोंगरात. बरं, निघायच्या आधी हाका मारायच्या त्या बंद दारांनाही. प्रत्येक कुलपासमोर उभं राहायचं, हाक द्यायची, ओ यायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायचं आणि मग पुढे.

मी चिडायची. सरळ चार घरांत वाटून घ्या ना, चार दिवसांनी एकदा पाळी येईल, कुलपांची चाकरी कशाला? यावर ते पहिले काही दिवस बोललेच नाहीत. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता, तो आईचा होता. एके दिवशी मात्र काठी टेकून माझ्याकडे बघत म्हणाले, “दार बंद हाय. घर हाय ना?”

कपाळ! मी लॅपटॉप उचलून कातळावर गेले.

मेमरीत काय साठलंय ते बघायचं तर हीप डम्प काढावा लागतो. म्हणजे त्या घडीचा सबंध मेमरीचा पंचनामा. कोण कुठे पडलंय, कुणाला कुणी धरलंय, सगळं त्यात येतं. तो काढताना सर्व्हर दोन-तीन मिनिटं खिळून राहतो, म्हणून ट्रकवाल्यांची परवानगी काढून त्यांच्या जेवणाच्या वेळेत काढला. फाइल एवढी अगडबंब की कातळावरच्या दोन कांड्यांवर ती उतरायला देवदिवाळी उजाडली असती. म्हणून डोंगर उतरून, मिनीडोर पकडून पोलादपूरला गेले. एसटी स्टँडसमोर एक झेरॉक्सवाला आहे, त्याच्याकडे जाडजूड इंटरनेट. त्याच्या दुकानात सातबाराच्या प्रती काढायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी मी तीन तास बसले. ताई, पिक्चर उतरवताय का, त्याने विचारलं. हो म्हटलं, फार मोठा आहे. चांगला आहे का, तर म्हटलं शेवट अजून माहीत नाही. तीन तासांत मी चार अनोळखी माणसांशी बोलले, चहा प्याले, एका आजोबांचा फॉर्म भरून दिला. परत चढताना लक्षात आलं की आज मला अगदी ताजंतवानं वाटतंय. हे लक्षात आलं आणि मी ते तिथेच दाबून टाकलं.

त्या पहिल्या पंचनाम्यात सगळ्यात मोठा ढीग दिसला तो ट्रकच्या पावत्यांच्या फोटोंचा. झालं, मिळाला चोर. आठवडा घालवून ते फोटो ठेवायची सगळी पद्धत बदलली. आलेख जैसे थे. मोठा ढीग होता खरा, पण तो वाढत नव्हता. जे मोठं दिसतं तेच वाढतंय असं धरून चालले होते, आणि ही चूक नवशिक्यांना मी स्वतः समजावून सांगत असते. दिवाळी जेमतेम तीन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी मी बाबांवर विनाकारण ओरडले, भाकरी जाड झाली म्हणून. भाकरी मीच थापली होती.

त्याच संध्याकाळी आमची तांबडी गाय घरी आली नाही. राखण बाबांची, मोजून आणलेली गुरं एकाने कमी. मी टॉर्च शोधायला लागले, कुठे कुठे बघायचं, कुणाला हाक मारायची, डोंगर केवढा! बाबा आरामात पाणी प्याले आणि म्हणाले, “गुरं हरवत नाय गो. दावं अडकतं.” तिच्या गळ्यातलं दावं दोन हात लोंबतं ठेवलेलं होतं, धरायला सोपं पडतं म्हणून. ती चरते कुठे हे बघायचंच नव्हतं. दावं कुठे अडकू शकतं एवढंच बघायचं होतं, आणि अशा जागा सगळ्या रानात तीन. दुसऱ्याच जागी, करवंदीच्या जाळीत, तांबडी उभी होती. दावं बुंध्याला दोन वेढे घेऊन बसलेलं. बाबांनी ते सोडवलं आणि तिच्या पाठीवर एक चापट मारली.

दुसऱ्या दिवशी मी वस्तू बघायचं सोडलं आणि दावी बघायला लागले. नवा पंचनामा काढला, मध्ये दोन दिवस जाऊ दिले, आणखी एक काढला, पुन्हा पोलादपूर. झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, दुसरा भाग आला वाटतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून, या दोन दिवसांत कोण वाढलं एवढंच बघितलं. वाढल्या होत्या त्या स्क्रीन. गावोगावच्या ऑफिसांत उघडलेल्या स्क्रीन, चार-पाचशे असायला हव्यात, तिथे हजारो. कुणी कधीच्या बंद केलेल्या. मग एकीचं दावं धरून मागे मागे गेले. हिला कुणी धरलंय, त्याला कुणी धरलंय. दोन-तीन वेढ्यांनंतर सगळी दावी एकाच बुंध्याला आली. एक यादी. ट्रक हलला की कुणाकुणाला कळवायचं त्यांची यादी. स्क्रीन उघडली की तिचं नाव यादीत चढायचं, आणि माणसाने रीतसर बाहेर पडायचं बटण दाबलं की उतरायचं.

ते बटण कुणी दाबतच नव्हतं. संध्याकाळी सात वाजले की ऑफिसातला माणूस मशीनचं बटण बंद करून डबा उचलून घरी. नाव यादीत तसंच. आणि माझा सर्व्हर त्या हजारो विझलेल्या स्क्रीनना इमानेइतबारे सांगत बसलेला, अमका ट्रक कशेडी चढला, तमक्याने महाड सोडलं. ऐकायला कुणी नाही.

फाइलच्या वर लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते माझं होतं. नऊ वर्षांपूर्वी, महाडचं कॉलेज संपवून पुण्यात लागले त्याच वर्षी लिहिलेलं. तेव्हा ऑफिसं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. झेरॉक्सच्या दुकानात बसून मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, शेजारच्या आजोबांनी चष्म्यावरून बघितलं.

पण मी तसं का लिहिलं होतं हे मला त्याच क्षणी कळलं. आमच्या वाडीतून कुणी बाहेरगावी निघालं की सगळ्या दारांत जाऊन सांगतं. प्रत्येक दारात उभं राहायचं, येतो म्हणायचं, हातावर साखर घ्यायची. एसटी चुकली तरी चालेल, दार चुकायचं नाही. न सांगता उठून गेलेला माणूस मी विशीपर्यंत पाहिलाच नव्हता. जाणारा सांगून जातो हे मला भात कसं उगवतं तितकं पक्कं माहीत होतं, त्यामुळे न सांगता गेला तर काय, हा प्रश्नच डोक्यात आला नाही. पुण्यातल्या एखाद्या मुलीने ही चूक केली नसती. तिला आधी तेच सुचलं असतं.

औषध तासाभराचं निघालं. सर्व्हरने यादीतल्या प्रत्येकाला मधूनमधून हाक मारायची. ओ आली तर ठीक. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही तर नाव काढायचं. हे मी कुठून उचललं ते ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. अशी पद्धत जगात कधीची आहे, मी काही शोध लावला नाही. फक्त तीन हा आकडा लिहिताना मला कुलपासमोर थांबलेले बाबा दिसत होते. तिथे आकडा कुठला असेल? पाच हजार? त्यांनी तर मोजलंच नव्हतं.

आलेख सुधारला. दात जेवढा चढेल तेवढाच उतरायचा, दिवसामागून दिवस. मी रोज सकाळी कातळावर जाऊन त्याची नाडी बघायची. एकीकडे कापणी सुरू झाली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मीही विळा घेऊन उतरायची, भाताच्या पात्यांनी मनगटावर बारीक ओरखडे उठायचे आणि घामाने चुरचुरायचे. यशोदाकाकी माझी कापणी बघून हसायच्या, म्हणायच्या की हिच्या हाताने कापलेल्या भाताला वाटत असेल आपल्याला कुणी कुरवाळतंय. भारे खळ्यावर आले, झोडून झाले, पेंढा रचला. पंधरावा दिवस दिवाळीच्या पाडव्याला भरला. मॅनेजरांचा फोन आला. अभिनंदन मॅडम, दिलेला शब्द पाळतो, हवं तेवढं राहा, वर्षभर राहिलात तरी हरकत नाही.

मी कातळावरून घरापर्यंत धावत आले. बाबा अंगणात दावं वळत बसले होते. त्यांना सांगितलं की आता मी इथेच, कुणी बोलवणार नाही, कितीही दिवस. ते दावं वळत राहिले. पण त्या संध्याकाळी त्यांनी आईच्या फोटोसमोर दिवा लावला आणि तिच्याशी बराच वेळ पुटपुटत बसले. जेवताना मला वाढलेलं दूध नेहमीपेक्षा जास्त होतं.

आता खरं सांगायची वेळ आली.

भात घरात आलं की गुरं मोकळी सुटतात. राखण संपते, सकाळच्या हाकाही संपतात. वाडी एवढी गप्प होते की गोठ्यात गाय वळली तरी कळतं. सर्व्हर बरा झाल्यामुळे मलाही कुणाचे फोन येईनात. आजारी होता तोवर दिवसातून दहा माणसं मला शोधायची. आता सकाळचे काळे चौकोन तेवढे, दहा मिनिटांत विझणारे. सहा वाजता बाबा गोठ्याला कडी घालायचे, ओटीवर बसायचे, आणि त्यानंतर काहीच घडायचं नाही. मी बोलायला जायची, ते हुं म्हणायचे. मी आलेख उघडून बघायची, तोही शहाण्यासारखा वरखाली. आईशिवाय त्या घरात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मी जिथे बसले होते ती जागा आईची होती, हे मला एकदम कळलं. मी घाबरले. म्हातारपण, आजारपण, डोंगर, यांतलं काही नाही. मी त्या गप्प बसण्याला घाबरले. पोलादपूरच्या झेरॉक्सच्या दुकानाची मला आठवण यायची. कुणाला खोटं वाटेल, पण यायची.

पाडव्यानंतर अकराव्या दिवशी मी बाबांना म्हटलं, ऑफिसने बोलावलंय, जावं लागेल.

ते दावं वळत होते. हात थांबले. अकरा दिवसांपूर्वी याच अंगणात, याच जागी मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांच्याही लक्षात होतं आणि माझ्याही. मी खाली बघितलं. हात पुन्हा चालू झाले. “जा,” ते म्हणाले. “पण सगळ्यांना सांगून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यापुढे चालत होते. उघड्या तीन दारांत मी येते म्हटलं, हातावर साखर घेतली. मला वाटलं झालं. पण ते कुलपांकडे वळले. शंकरनानांच्या दारासमोर जाऊन बाजूला उभे राहिले, मला जागा करून. मी कुलपाला म्हटलं, येते. पुढच्या कुलपाला म्हटलं, येते. तिसऱ्यापाशी मी कुलपाला हात लावून बघितला, तर ते थांबले, घाई केली नाही. सातही दारं झाली. मग हायवेपर्यंत माझी पिशवी घेऊन उतरले. महाडच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्या दारांना सांगितलं, आमच्या दाराला सांगायचं राहिलं. त्यांना सांगायचं राहिलं.

फाल्गुनात ते गेले. दुपारची वेळ होती. यशोदाकाकींनी चहा टाकला आणि आपल्या अंगणातून त्यांना हाक मारली. मग दुसरी मारली, मग तिसरी. ओ आली नाही म्हणून त्या उठून आल्या. बाबा गोठ्याच्या दाराला टेकून बसलेले होते. मला कळलं तेव्हा मी ऑफिसात होते, आजूबाजूला साठ माणसं होती. मी वाडीत असते तर ते वाचले असते असं कुणी म्हटलं नाही. मीही म्हणत नाही. पण मी असते तर ती पहिली हाक माझी असती.

गुरं काकींनी नेली. घराला मी कुलूप लावलं. गेल्या वर्षी आश्विनात, एका सकाळी काकींचा फोन. म्हणाल्या, आज तुमची राखण हाय, मी जातेय, कळवलं. मला आधी समजेचना. मग मी माझ्या धंद्याच्या भाषेत त्यांना समजावायला लागले, की काकी, आमची गुरं नाहीत, माणूस नाही, तुमचेही गुडघे गेलेत, आता आमचं नाव काढून टाका. काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “जाताना काय म्हणाली होतीस?”

“येते म्हटलं होतं.”

“मग?”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. राखण चालू असली की दर अकराव्या दिवशी त्यांचा फोन येतो आणि मी त्याची वाट बघते; आधी त्या कातळावर जाऊन करायच्या, यंदा समोर टॉवर झाल्यापासून अंगणातूनही लागतो. दहाव्या दिवशी मोबाइल चार्ज आहे ना हे दोनदा तपासते. पुण्यात मला माणसांचा आवाज हवा होता तो मिळाला, चोवीस तास मिळतो, भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजता येतात. त्यातलं माझ्यासाठी काही नसतं. माझ्या नावाने येणारी हाक ही एवढीच, अकरा दिवसांनी एकदा.

आज तो दिवस होता. करपलेलं भांडं भिजत घालून मी सकाळच्या मीटिंगला बसले होते. लॅपटॉपवर चौकोन जमले होते आणि मोबाइल वाजला. काकी. मी तो हळूच कानाला लावला. त्या बोलत नव्हत्या, धापा टाकत चढत होत्या, मागे गुरांच्या घंटा. मग पावलं थांबली. कुठे थांबली ते मला कळलं, आमच्या अंगणातल्या सुट्या फरशीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. त्यांनी फोन लांब धरला असावा, कारण हाक थोडी दुरून आली, दाराला मारलेली.

“गुरं सोडाऽ.”

आणि त्या थांबल्या. ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या.

“ओ,” मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.

फरशी वाजली, घंटा पुढे गेल्या, फोन बंद झाला. लॅपटॉपवर सगळे चौकोन गप्प होते. माझा माइक चालूच राहिला होता. मॅनेजरांनी विचारलं की मॅडम, तुम्ही काही म्हणालात का.

“घरून हाक आली होती,” मी म्हटलं.